क्लच दाबता येईना

"त्रास नेमका कधी सुरू झाला?" असं प्रत्येक नवे डॉक्टर विचारतात. मी सांगते, मोटारसायकल घेतली तेव्हापासून. मग ते लिहिता लिहिता थांबतात आणि माझ्याकडे बघतात. एकेचाळीस वर्षांची बाई, अंगात सुती कुर्ता, शेजारी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला नवरा. "अपघात झाला होता का?" हा पुढचा प्रश्न. नाही, अपघात नाही. अपघात झाला असता तर आम्ही वेगळ्या विभागाच्या रांगेत बसलो असतो, आणि त्या रांगेतली बरीचशी माणसं बरी होऊन घरी जातात.

मला मोटर न्यूरॉन डिसीज आहे. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, एवढं समजलं तरी पुरे. मी हे बरी होऊन लिहीत नाही, कारण यातून कुणी बरं होत नाही. उजव्या हाताची दोन बोटं अजून ऐकतात, त्यांनी फोनवर थोडं थोडं टाइप करते. ज्यांच्या घरात हा आजार नुकताच शिरला आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे. आम्हाला त्या दिवसांत इंटरनेटवर आजाराची सगळी माहिती मिळाली. घरात हे कसं घडत जातं, ते मात्र कुणी आपल्या भाषेत सांगितलेलं सापडलं नाही.

गाडी

मी कोथरूडला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवायचे. क्लासखाली मुलांच्या गाड्यांची गर्दी असायची, त्यात एक-दोन स्पोर्ट बाइक असायच्या. टोकदार तोंडाच्या, पुढे वाकून बसायच्या. मला त्या आवडायच्या. त्यामागे काही थोर कारण नाही. लहानपणीचं स्वप्न म्हणावं तर लहानपणी असल्या गाड्याच नव्हत्या. एखादीला पैठणी आवडते तशी मला ती गाडी आवडायची.

नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो मटार सोलत होता.

"स्पोर्ट बाइक? तू?"

"हो. सेकंडहँड."

"घरी स्कूटर आहे. तिला डिकी आहे. पुढे पिशवी अडकवायला हूक आहे."

"माहितीये."

"आणि त्या गाडीला काय आहे?"

"काहीच नाही."

"मग घ्यायलाच हवी," असं म्हणून तो पुन्हा मटार सोलायला लागला. आमच्या घरात परवानगी अशीच मिळते.

घरात आम्ही तिघं. नितीन, मी आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे. आम्हाला मूल नाही, त्यावर बोलायचं ते सगळं बोलून झालं आहे. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. अण्णा पंच्याहत्तरीचे, मूळचे नारायण पेठेतले. औषध कंपनीचे प्रतिनिधी म्हणून त्यांची सगळी नोकरी मोटारसायकलवर गेली. सातारा, फलटण, बारामती, ऊन असो की पाऊस. तेव्हा ते तिथेच पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "शिकवणार कोण? हा?" हा म्हणजे नितीन, जो आयुष्यात स्कूटरच्या पलीकडे गेला नाही. "मी शिकवतो," अण्णा म्हणाले.

गाडी कर्वेनगरमध्येच मिळाली, आमच्यापासून दोन सोसायट्या सोडून. लाल रंगाची, अडीचशे सीसीची. विकणारा अमरावतीचा, आयटीतला मुलगा. "विकायची इच्छा नाही हो मॅडम," तो म्हणाला, "पण बायको म्हणून राहिली, बाळ आल्यावर त्याला काय टाकीवर बसवणार का?"

अण्णांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या. चेन हलवून पाहिली, टायर दाबले, गुडघ्यावर बसून इंजिनाखाली तेल गळतंय का ते पाहिलं. मग क्लच दाबला. "जरा जड आहे."

"केबल बदलून टाका काका, मग एकदम लोणी."

मीही दाबून पाहिला. दाबला गेला, पण पूर्ण आत नेताना हात थरथरला. मला वाटलं, आनंदानं.

लॉन्सचं पार्किंग

गिअरच्या गाडीचं शिकाऊ लायसन्स काढलं आणि शिकायला सुरुवात केली. नदीकाठच्या रस्त्यावर लग्नाची लॉन्स आहेत. लग्न नसलेल्या सकाळी तिथलं पार्किंग रिकामं असतं. वॉचमन अण्णांच्या ओळखीचा झाला. जमिनीवर आदल्या कार्यातल्या अक्षता आणि कुस्करलेला झेंडू पडलेला असायचा. त्यावरून चाक घसरेल म्हणून अण्णा आधी पायाने जागा साफ करायचे, मग म्हणायचे, "हं, बसा मॅडम."

ज्यांनी गिअरची गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगते. डाव्या हाताखाली क्लचचा दांडा असतो. तो पूर्ण दाबायचा, गिअर टाकायचा, आणि मग अगदी हळूहळू सोडायचा. मध्ये एक जागा येते, तिथे गाडी स्वतःहून पुढे ओढायला लागते. त्या जागी हात धरून ठेवता आला की गाडी आली. सगळं शिकणं त्या एका जागेपाशी असतं.

मला ती जागा सापडायची. धरता मात्र यायची नाही. क्लच हातातून निसटायचा, गाडी एक उडी मारून बंद पडायची.

"क्लच सोडतेस की फेकतेस?" अण्णा विचारायचे.

"सोडला नाही अण्णा, सुटला."

"सुटला म्हणजे काय? हात तुझाच ना?"

पुन्हा उडी, पुन्हा बंद. अण्णा शिकवताना प्रेमळ वगैरे अजिबात नव्हते. "गणित शिकवतेस ना मुलांना? मग डोकं आहे. लक्ष नाही." दुसऱ्या दिवशी, "दोन बोटांनी दाबायला तू काही शर्यतीत नाहीस, चारही बोटं घाल." मी चारही घालतच होते. केबल बदलली. मेकॅनिक म्हणाला, आता याहून हलकं होणार नाही. क्लच खरंच हलका झाला होता, अण्णा एका बोटाने दाबून दाखवायचे. मला तो तसाच जड लागायचा.

"बायकांच्या हाताला जड जातं जरा," मेकॅनिक म्हणाला. क्लासमधल्या मुलांचंही तेच मत होतं. मलाही ते पटलं. माझ्या हाताविषयी सगळ्यांना काही ना काही माहीत होतं आणि सगळ्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. या गाडीवर पुढे वाकल्यामुळे सगळं वजन मनगटावर येतं, म्हणून हात दुखतो. नवीन आहे, म्हणून घट्ट धरते. वय झालं, म्हणून. स्कूटरवर डाव्या हाताला ब्रेक सोडून कामच नसतं, म्हणून सवय नाही. ही सगळी कारणं खरी होती, त्यामुळे खरं कारण बरेच दिवस त्यांच्या मागे लपून राहिलं.

मी घरी भिंतीला टेकून स्पंजचा चेंडू दाबायला लागले. हाताला व्यायाम म्हणून. जितका दाबावा तितका हात थकत गेला.

खडकवासला

एक सकाळ मात्र मिळाली, तीही सांगितली पाहिजे.

अण्णा म्हणाले, पार्किंगमध्ये उड्या मारून काही होत नाही, रस्त्यावर चल. ते माझी स्कूटर घेऊन मागे राहणार होते. रविवार होता. वारजे ओलांडेपर्यंत सिग्नलला दोनदा गाडी बंद पडली. पण पुढे रस्ता मोकळा झाला, मी तिसरा टाकला, चौथा टाकला, आणि मग क्लचचं काम संपलं. वरच्या गिअरमध्ये एकदा गाडी लागली की डाव्या हाताला कुणी काही विचारत नाही. मी पुढे वाकले, हनुवटी टाकीजवळ आली, वारा हेल्मेटवरून जायला लागला. गाडी माझ्या खाली एकसारखी गुरगुरत होती. आरशात अण्णा दिसत होते, स्कूटरवर ताठ बसलेले, हेल्मेटखाली मफलर गुंडाळलेले. मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने गात होते. काय, ते आठवत नाही.

धरणाजवळ आम्ही कणीस खाल्लं. अण्णा म्हणाले, "बरी चालवलीस." चौदा वर्षांच्या संसारात त्यांनी माझं केलेलं कौतुक एवढंच, त्यामुळे ते जपून ठेवलं आहे.

परतताना उशीर झाला आणि वारज्याला गर्दी लागली. गाडी दोन हात पुढे, थांब, पुन्हा दोन हात पुढे. दर वेळी क्लच. काही वेळाने हाताची बोटं दांड्यावर होती, पण मी दाबा म्हटलं तरी ती दाबत नव्हती. दुखत नव्हती, बधिर नव्हती. नुसती ऐकत नव्हती. गाडी उडी मारून पुढच्या रिक्षाला टेकली आणि माझ्यासकट आडवी झाली. रिक्षावाला उतरून बरंच बोलला. अण्णा स्कूटर लावून धावत आले आणि त्याच्याहून जास्त बोलले, तेही मलाच. "क्लच दाबायचा सोडून काय करत होतीस? झोपली होतीस?"

मी रस्त्यावर बसून माझ्या हाताकडे बघत होते. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या मांसल भागात खड्डा पडला होता. उजव्या हाताला तो नव्हता. आणि त्या खड्ड्यात, कातडीखाली, काहीतरी बारीक बारीक उडत होतं.

मानेचं दुखणं

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला. "या वयात कशाला असली गाडी?" असंही विचारलं. पट्ट्याने काही झालं नाही, तेव्हा मानेचा एमआरआय काढला. मानेत एक चकती थोडी सरकलेली निघाली. या वयात निम्म्या पुण्याची निघेल. पण आम्हाला केवढा आनंद झाला! नितीनने येताना बाकरवडी आणली. मानेचं दुखणं म्हणजे काय, पट्टा, व्यायाम, शेक. अण्णांनाही कधीतरी झालं होतं.

तो हिवाळा मी मानेला पट्टा लावून गणित शिकवलं. तोपर्यंत डाव्या हाताने कुर्त्याचं बटण लागेनासं झालं. मग दुधाची पिशवी धरता येईना. मग एके दिवशी जिना चढताना डाव्या पायाची चप्पल पायातून निसटली. मी खाली उतरून ती घातली, पुन्हा चढले, पुन्हा निसटली. मी जिन्यात बसले. मानेच्या दुखण्याने चप्पल निसटत नाही, एवढं मला कळत होतं. वर जाऊन मात्र मी कुणालाही काही सांगितलं नाही. पोळ्या केल्या.

तो दिवस

मेंदू आणि नसांच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी कपडे बाजूला करून माझे दंड, पाठ, मांड्या बराच वेळ नुसत्या बघितल्या. मग जीभ बाहेर काढायला सांगितली आणि तीही बराच वेळ बघितली. जीभ बघताना त्यांचा चेहरा बदलला. मी वर्गात पंधरा वर्षं चेहरे वाचले आहेत, उत्तर येत नसलं की मुलांचा कसा होतो ते मला माहीत आहे.

मग सुयांची तपासणी झाली. स्नायूत सुई घालतात आणि यंत्रातून त्या स्नायूचा आवाज येतो. शांत पडलेल्या स्नायूचा आवाज यायला नको. माझ्या हातातून, पायातून, जिथे काहीच दुखत नव्हतं त्या उजव्या दंडातूनसुद्धा, पापड तळल्यासारखा चरचर आवाज येत होता. तपासणाऱ्या मुलीने आवाज हळूच कमी केला. तिला वाटलं मला कळणार नाही.

नंतर डॉक्टर बाहेर आल्या आणि नितीनला म्हणाल्या, "तुम्ही जरा आत येता का?"

मीही उठले. म्हटलं, "हात माझा आहे. मला सांगा."

त्यांनी आम्हा दोघांनाही आत नेलं. मग त्यांनी टेबलामागची त्यांची खुर्ची बाहेर ओढली आणि आमच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या. त्यानंतर त्यांनी काय सांगितलं ते निम्मं मला ऐकू आलं नाही. पण त्या खुर्ची ओढून बसल्या, घड्याळाकडे पाहिलं नाही, फोन वाजला तो उचलला नाही, हे नीट आठवतं. त्या दिवसात तेवढंच चांगलं घडलं.

नितीन विचारत होता, किती दिवस, काय खायचं, परदेशात काय असतं. मी एकच विचारलं.

"मी गाडी चालवू का?"

"नको," डॉक्टर म्हणाल्या. "आता नको."

तेव्हा मला रडू आलं. मरणाचं ऐकून आलं नव्हतं.

दुसरा आजार

आमचा आजार जसा दिसतो तसाच दिसणारा आणखी एक आजार असतो, तो मात्र औषधाने आटोक्यात येतो. डॉक्टरांना फारशी आशा नव्हती, पण त्याची शंकाही राहायला नको म्हणून त्यांनी मला त्या औषधासाठी ॲडमिट केलं. सलाइनमधून ते औषध काही दिवस देतात. आमच्या घरात देवापुढे दिवा लागला आणि प्रार्थना झाली, की हिला तो दुसरा आजार असू दे. देवाकडे आजार मागणारं घर मी दुसरं पाहिलं नाही.

पहाटे अंग पुसायला मावशी येत, मग चहा, मग सलाइन, मग शिकाऊ डॉक्टर. तो स्वतःची दोन बोटं माझ्या मुठीत द्यायचा. "दाबा."

मी दाबायचे.

"दाबा ना, जोरात."

"दाबतेय."

तो मान हलवून कागदावर लिहायचा. रोज तेच.

शेजारच्या खाटेवर भोरकडच्या एक आजी होत्या. त्यांचंही नसांचंच दुखणं, पण बरं होणारं. आल्या तेव्हा त्यांचे पाय लाकडासारखे होते. एका सकाळी त्यांच्या पायाची बोटं हलली. त्यांच्या मुलीने ओरडून सगळ्यांना सांगितलं, नर्सनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले, आणि मनात त्या म्हातारीचा असा काही हेवा वाटला की मला माझीच भीती वाटली. दुपारी त्यांच्या मुलीने भाकरी आणली. आजी तिला म्हणाल्या, "आधी तिला दे. तिचा हात चालत न्हाय." मग मला म्हणाल्या, "मी बी अशीच व्हते. आता बरी हाय. तू बी व्हशील." त्यांच्या मुलीने मला पिठलं-भाकरीचे घास भरवले. मी आजींना काही सांगितलं नाही. घास गिळताना ठसका लागला, तो का लागतो हे तेव्हा माहीत नव्हतं.

घरी सोडताना शिकाऊ डॉक्टरने शेवटचं "दाबा" म्हटलं आणि मग बोटं काढून घेण्याऐवजी माझा हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मला उत्तर कळलं.

नितीन

त्यानंतर नितीन कामाला लागला. ऑफिसमधल्या कुणाच्या मेहुण्याला अमक्या तेलाने गुण आला. कोकणात एक वैद्य आहेत. एक काढा आहे, एक चुंबकाचा पट्टा आहे, परदेशात एका नव्या औषधाची चाचणी सुरू आहे, तिथल्या लोकांना ईमेल केला आहे. तेलाने माझी गादी पिवळी झाली. काढ्याने उलट्या झाल्या. वैद्यांकडे जाण्यासाठी गाडीत इतके तास बसले की पाय सुजले, आणि त्यांनी नाडी बघून सांगितलं की पित्त आहे.

येताना मी म्हटलं, "आता पुरे."

"तुला बरं व्हायचंच नाहीये," तो म्हणाला.

या वाक्यावर आम्ही बरेच दिवस बोललो नाही. तो मला वाचवण्यात इतका गुंतला होता की माझ्याशी बोलायचं राहून जात होतं. मी त्याला दोष देत नाही. तुमच्या घरातही एखादा नितीन असेल. त्याला थांबवू नका म्हणून उपयोग नाही आणि थांबवा म्हणूनही नाही. तो थकला की थांबतो.

अण्णा

अण्णा मात्र माझ्या खोलीत येईनासे झाले. दारातून औषध घेतलंस का विचारायचे आणि वळायचे. जेवण बाहेरच्या खोलीत, एकटे. मला वाटलं, सून अशी पडलेली बघवत नसेल. क्लास तेव्हा सुटला होता, मी दिवसभर घरी. एका दुपारी ते आत आले आणि खुर्चीवर न बसता उभेच राहिले.

"मी तुझ्यावर ओरडलो."

"कधी?"

"कधी काय? रोज. पार्किंगमध्ये. त्या वारज्याच्या चौकात, चार लोकांत. तुझ्या हातात ताकद नव्हती आणि मी म्हणत होतो, लक्ष नाही." त्यांचा आवाज चढला, जणू आताही मलाच रागावत होते. "जन्मभर डॉक्टरांच्या दारात बसलो. कळायला नको होतं? तेव्हाच तुला दाखवायला नेलं असतं तर..."

"तर काय झालं असतं, अण्णा?"

"वेळेवर कळलं असतं."

"कळलं असतं. आणि?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"औषध तेव्हाही नव्हतं," मी म्हटलं. "उशीर व्हायला आधी इलाज असावा लागतो. यात उशीर होतच नाही."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

"डॉक्टरांना विचारा. खरं आहे म्हणून बोलतेय."

ते खिडकीकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला आणि तो सुटल्याची लाजही वाटली, दोन्ही मला दिसलं. या आजारातून बाहेर पडायला कुठूनच वाट नाही, हे इतके महिने माझ्या छातीवर बसलं होतं. तेच एका म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावरून काहीतरी उतरवायला उपयोगी पडलं. दुसरा उपयोग मला अजून सापडलेला नाही.

मग ते नेलकटर घेऊन आले आणि माझी नखं कापायला बसले. ती खूपच वाढली होती, आणि सांगायचं कुणाला हा प्रश्न होता. तेव्हापासून अण्णा माझे केस विंचरतात, वेणी घालतात, चहा चमच्याने पाजतात. वेणी तिरकी येते. आंघोळीला बाई येते, बाकी सगळं ते करतात. आम्ही ठरवलं होतं की म्हातारपणी त्यांचं मी करायचं. त्यावर आम्ही दोघंही काही बोलत नाही.

गाडी गेली

गाडी पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली होती. ती विकायची हे नितीनने ठरवलं आणि मी हो म्हटलं. घ्यायला एक कॉलेजचा मुलगा आला. मी गॅलरीत चाकाच्या खुर्चीत होते. खालचं बोलणं वर ऐकू येत होतं.

"कोण चालवायचं?" मुलाने विचारलं.

"मिसेस."

"अरे वा. मग सोडली का?"

"हो," नितीन म्हणाला. "सोडली."

मुलाने हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली, क्लच दाबून गिअर टाकला आणि सोडला. त्याने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो नितीनशी बोलत बोलतच निघाला होता. गाडी एवढासाही हिसका न देता गेटमधून बाहेर पडली. मला मान फिरवायची होती. ती लगेच फिरली नाही.

सांगण्यासारखं थोडं

सल्ला द्यावा असं माझ्याकडे फार नाही. ज्याला आजार आहे त्याला आधी सांगा, नातेवाइकांना नंतर. चाकाची खुर्ची लागायच्या आधी आणा, लागल्यावर आणली तर ती बघून रडायला वेळ मिळत नाही. भेटायला येणाऱ्यांना बसायला सांगा, उभी राहिलेली माणसं घाबरवतात. "धीर धरा" असं म्हणणाऱ्यांवर रागावू नका, त्यांनाही दुसरं काही सुचत नसतं. आणि चांगल्या दिवसाची वाट बघू नका. कमी वाईट दिवस येतात, ते ओळखायला शिका.

आता

आता जीभ जड झाली आहे. जुने विद्यार्थी फोन करतात तेव्हा मी बोलत नाही, कारण पलीकडून "हॅलो मॅडम, आवाज तुटतोय" असं येतं. अण्णांना माझे निम्मे शब्द कळतात, कान कमी ऐकतात म्हणून. सगळे शब्द फक्त नितीनला कळतात. तो मी म्हटलेलं वाक्य पुन्हा म्हणून दाखवतो, मी मान हलवते, मग पुढे. आम्ही लग्नानंतर कधी बोललो नव्हतो इतकं हळू आणि इतकं नीट हल्ली बोलतो.

पुढच्या आठवड्यात पोटात नळी घालणार आहेत, खाण्यासाठी. श्वासाचं यंत्र लावायचं की नाही हेही ठरवून ठेवा, डॉक्टर म्हणाल्या. गळ्याला भोक पाडून लावायचं ते यंत्र. तुम्हाला सांगता येतंय तोवर सांगा, असं त्या म्हणाल्या.

आज सकाळी चहा झाल्यावर अण्णा फिरायला गेले. नितीनने ऑफिसला कळवलं होतं, उशिरा येतो म्हणून. तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. कोकण, तेल, ईमेल, काहीच काढलं नाही.

"सांग," तो म्हणाला.

मी सांगितलं. एकेक शब्द, मध्ये थांबून. लाळ आली ती त्याने पुसली.

"'नळी चालेल,'" तो म्हणाला.

मी मान हलवली. पुढचं सांगितलं. ते त्याला पहिल्यांदा कळलं नाही, किंवा कळलं आणि त्याला पुन्हा ऐकायचं होतं. मी पुन्हा म्हटलं.

 मग त्याने ते वाक्य म्हणून दाखवलं, अगदी स्पष्ट, मला म्हणता आलं असतं तसं.

"'मशीन नको.' बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

तेवढा शब्द त्याला लगेच कळला.